इस्त्री केलेला डेटा

शनिवारची सकाळ. आठवडाभर ऑफिसात बग आणि बॉस या दोघांशी झटापट करून झाल्यावर निवांत चहा घ्यावा, पोह्यांवर लिंबू पिळावं आणि दुपारपर्यंत लोळावं एवढीच माफक अपेक्षा होती. तेवढ्यात मामेबहिणीचा फोन. ही आमची मामेबहीण पीएचडी करते. विषय आयन चॅनेल. घरात तिच्या विषयाबद्दल कुणी विचारलं की "टीव्हीचे चॅनेल नव्हे गं आजी" इथून सुरुवात करावी लागते!

"ताई, तू डीएसपी शिकलीयेस ना? एक फाईल पाठवलीय. जरा स्मूथ करून दे ना. फार खरखरीत दिसतंय. सर म्हणाले फिगर स्वच्छ हवी."

फाईल उघडली. आलेख काढला. खरखर होतीच, पण त्या खरखरीत पायऱ्याही दिसत होत्या. सिग्नल वर जातो, थोडा वेळ तिथे थांबतो, खाली येतो. मधेच एखादी बारीकशी चीर.

"आधी कितीला फिल्टर केलंयस?" मी विचारलं.

"अ‍ॅम्प्लिफायरवर २ किलोहर्ट्झ आहे. ते सीनियरने लावून ठेवलंय, आम्ही हात लावत नाही. मग सॉफ्टवेअरमधे मी १ लावलं. तरी खरखर राहतेच."

"२ का? १ का?"

"...सगळे तेवढंच लावतात."

इथे माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यावर नाही हो, ती बिचारी शिकतेय. "सगळे तेवढंच लावतात" या वाक्यावर. आणि "स्वच्छ हवी" या त्याहून भयंकर वाक्यावर. तेव्हा आधीच सांगते, आज मी भांडायला बसले आहे. मुद्दा एकच: फिल्टर म्हणजे डेटाची साफसफाई नव्हे. काय पाहायचं आणि काय कायमचं पाहायचं नाही, हा तो निर्णय आहे. तो निर्णय न कळता घेणं, आणि घेतल्यावर न सांगणं, ही लबाडी आहे. नकळत केलेली असली तरी लबाडीच.

आता हे सगळं प्रकरण काय आहे ते थोडक्यात. (बायोवाल्यांनी हा परिच्छेद उडी मारून पुढे जावं.)

आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात प्रथिनांचे बारीक दरवाजे असतात. ते उघडले की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, आतबाहेर करतात. आयन हलले म्हणजे करंट आला. तुमचं हृदय धडधडतं, बोट हलतं, हे वाचताना डोक्यात जे काही चालू आहे ते चालतं, सगळं याच दरवाज्यांच्या जिवावर. एका दरवाज्यातून जाणारा करंट असतो साधारण एक ते काही पिकोअँपिअर. एक पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग. ऐकायला नगण्य वाटतं, पण तेवढ्यातही सेकंदाला सुमारे ६२ लाख आयन पार होतात. आणि दरवाजा अर्धवट वगैरे उघडत बसत नाही, बहुतेक वेळा खाड्कन उघडतो आणि खाड्कन बंद होतो. म्हणून आलेखात पायऱ्या दिसतात.

हे मोजायची पद्धत म्हणजे पॅच क्लॅम्प. काचेची नळी तापवून ओढायची, टोक साधारण एक मायक्रॉनचं करायचं आणि ते पेशीच्या आवरणावर टेकवायचं. टोकाखाली आवरणाचा जो चिमुकला तुकडा येईल, त्यातल्या एखाद्या दरवाज्याचा करंट मोजायचा. जर्मनीत ग्योटिंगेनच्या मॅक्स प्लँक संस्थेत एर्विन नेहर आणि बर्ट साकमन या दोघांनी १९७६ साली बेडकाच्या स्नायूवर हे पहिल्यांदा करून दाखवलं. १९९१ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता गंमत बघा. १९७६ च्या त्या नोंदी फार खरखरीत होत्या. कारण काच आणि आवरण यांच्यात फट राहायची. फटीचा विद्युतरोध काही दहा मेगाओहम, ५० धरा. आता प्रत्येक रोधातून उष्णतेमुळे नॉईज येतोच (इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे घोकलेलं असतं), आणि करंट मोजताना रोध जितका कमी तितका हा नॉईज जास्त. ५० मेगाओहमला, १ किलोहर्ट्झ बँडविड्थमधे, नुसत्या फटीचा नॉईज येतो ०.५७ पिकोअँपिअर. एक-दोन पिकोअँपिअरचा सिग्नल पाहायचा तर हे भारीच झालं.

मग काय केलं त्यांनी? कडक फिल्टर लावला? नाही! १९८० च्या सुमारास लक्षात आलं की नळीचं टोक अगदी स्वच्छ असेल आणि नळीतून हलकेच हवा ओढून घेतली, तर आवरण काचेला असं घट्ट चिकटतं की रोध एकदम गिगाओहममधे जातो. १० गिगाओहम धरला तर तोच नॉईज ०.०४ पिकोअँपिअरवर येतो. चौदा पट कमी! सिग्नलचा एक कणही न गमावता. १९८१ साली या सुधारित पद्धतीवरचा पेपर आला आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली.

म्हणजे या विषयातला सगळ्यात मोठा नॉईज कमी झाला तो नळी स्वच्छ धरून आणि हलकी फुंकर उलटी मारून. फिल्टरच्या बटणाने नव्हे. हे जरा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आता फिल्टरकडे वळू.

लो-पास फिल्टर काय करतो? वेगाने बदलणारं अडवतो, सावकाश बदलणारं जाऊ देतो. नॉईजचा मोठा वाटा वेगवान असतो, म्हणून आलेख गुळगुळीत दिसायला लागतो. छान. पण फिल्टरला नॉईज कुठला आणि सिग्नल कुठला हे कळत नाही हो! त्याला फक्त वेग कळतो. सुरकुती दिसली की फिरवली इस्त्री. ती सुरकुती कापडाची होती की विणलेल्या नक्षीची, हे इस्त्रीला काय ठाऊक?

या "वेगवान सुरकुत्यां"ची एक खरी गोष्ट सांगते. स्नायूवर अ‍ॅसिटाईलकोलीन नावाचं रसायन येऊन बसलं की तिथला आयन दरवाजा उघडतो. १९५७ साली लंडनमधे होसे देल कास्तियो आणि बर्नार्ड काट्झ यांनी मांडलं की यात दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात: आधी रसायन येऊन चिकटतं, आणि मग दरवाजा उघडतो. चिकटणं वेगळं, उघडणं वेगळं. विचार झकास, पण दोन्ही पायऱ्या वेगवेगळ्या मोजायच्या कशा? तेव्हा एकेक दरवाजा पाहायची सोयच नव्हती.

१९८१ साली डेव्हिड कोहून (स्पेलिंग भलतंच आहे, उच्चार हा) आणि साकमन यांनी पॅच क्लॅम्पच्या नोंदी अगदी बारकाईने तपासल्या. ज्याला लोक "एकदा उघडणं" समजत होते, त्यात अतिशय बारीक चिरा होत्या. दरवाजा क्षणभर बंद होऊन परत उघडत होता. हा क्षण किती? काही दहा मायक्रोसेकंदांच्या घरातला. रसायन चिकटलेलंच आहे, ते सुटून जायच्या आत दरवाजा अनेकदा उघडझाप करतोय. या चिरा किती आहेत आणि किती लांब आहेत, यावरून चिकटणं आणि उघडणं यांचे वेग वेगवेगळे काढता आले. १९५७ च्या प्रश्नाचं उत्तर त्या चिरांमधे लपलेलं होतं!

आता कल्पना करा, तिथे कुणीतरी "फिगर स्वच्छ हवी" म्हणणारा उभा असता तर? इस्त्री फिरली असती. चिरा गायब. आलेख अतिशय देखणा. आणि उत्तर कचऱ्यात.

"एवढं काय गं, थोडंफार इकडेतिकडे" असं वाटत असेल तर चला, हिशोबच करू. एकदम साधा आहे.

फिल्टर जवळपास गॉसियन आकाराचा असेल, आणि पायरीच्या अर्ध्या उंचीवर रेघ मारून आपण "उघडलं-बंद झालं" ठरवत असू, तर ०.१७९ भागिले कट-ऑफ एवढ्या वेळापेक्षा छोटी घटना त्या रेघेपर्यंत पोचतच नाही. हा झाला आपला आंधळा वेळ. १ किलोहर्ट्झला १७९ मायक्रोसेकंद. ३ किलोहर्ट्झला ६०. १० किलोहर्ट्झला १८. कोहून आणि फ्रेड सिगवर्थ यांनी १९८३ च्या 'सिंगल-चॅनेल रेकॉर्डिंग' या पुस्तकात हे सविस्तर मांडून ठेवलंय. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं हे छापील पडून आहे. नवीन काही नाही.

आता समजा एक दरवाजा आहे. सरासरी अर्धा मिलीसेकंद उघडा राहतो, मग सरासरी ५० मायक्रोसेकंद बंद होतो, परत उघडतो. हे वेळ घातांकी पद्धतीने विखुरलेले असतात, म्हणून किती टक्के चिरा हुकतील ते कॅलक्युलेटरवर काढता येतं:

- १० किलोहर्ट्झला सुमारे ३० टक्के हुकतात.
- ३ किलोहर्ट्झला ७० टक्के.
- १ किलोहर्ट्झला ९७ टक्के!

चीर हुकली की तिच्या दोन्ही बाजूची उघडणी जोडली जातात आणि एक लांबलचक उघडणी दिसते. खरा आकडा अर्धा मिलीसेकंद. १० किलोहर्ट्झला दिसेल साधारण ०.७. ३ किलोहर्ट्झला १.७. आणि १ किलोहर्ट्झला पंधरा-वीस मिलीसेकंदांच्या घरात! (हा ढोबळ हिशोब आहे. छोट्या उघडण्याही हुकतात, ते मी इथे धरलेलं नाही.) प्रथिन तेच, पेशी तीच, प्रयोग तोच. फक्त बटण फिरवलं आणि उत्तर तिसेक पटींनी बदललं. याला "थोडंफार इकडेतिकडे" म्हणायचं?

बरं, आमच्या मामेबहिणीकडे तर दोन फिल्टर एकापाठोपाठ होते. एकापुढे एक लावले की दोघांचा मिळून कट-ऑफ आणखी खाली येतो. प्रत्येकाच्या कट-ऑफच्या वर्गाचा व्यस्त घ्यायचा, बेरीज करायची, परत उलटं करून वर्गमूळ काढायचं. २ आणि १ मिळून होतात ०.९ किलोहर्ट्झ. आंधळा वेळ २०० मायक्रोसेकंद. पेपरात मात्र ती लिहिणार होती: "डेटा १ किलोहर्ट्झला फिल्टर केला."

मग कुणी म्हणेल, असेना का! दरवाजा अर्धा मिलीसेकंद उघडा राहतो की दोन, कुणाचं काय अडलंय?

अडलंय. जन्मजात मायास्थेनिया नावाचा दुर्मिळ आजारांचा एक गट आहे. मूल लहानपणापासून अशक्त, पापण्या जड, चालताना दमतं. यातल्या काहींमधे बिघाड याच अ‍ॅसिटाईलकोलीनच्या दरवाज्यात असतो. आणि बिघाड दोन उलट प्रकारचे असू शकतात. एकात दरवाजा प्रमाणाबाहेर जास्त वेळ उघडा राहतो, दुसऱ्यात फारच कमी वेळ. बाहेरून दोन्ही अशक्तपणाच. पण औषधं उलटी! दरवाजा लवकर बंद होत असेल तर पायरिडोस्टिग्मीन मदत करतं. दरवाजा उघडाच राहत असेल तर तेच औषध त्रास वाढवू शकतं. तिथे क्विनिडीन किंवा फ्लुऑक्सेटीन देतात, जी त्या उघड्या दरवाज्यात अडकून उघडं राहण्याचा वेळ कमी करतात. आज निदान जनुकीय चाचणीने होतं हे खरं. पण जनुकात एखादा नवाच बदल सापडला, तर तो दरवाजा लवकर बंद करतो की उघडा ठेवतो, हे कोण सांगणार? पॅच क्लॅम्पच. तेच मिलीसेकंद मोजून.

एका चुकीच्या फिल्टरने कुणाला थेट चुकीचं औषध मिळतं असं मी म्हणत नाही. मधे अनेक तपासण्या असतात, समजदार माणसं असतात. पण त्या साखळीच्या पहिल्या कडीत हा आकडा आहे, आणि तो आकडा "सगळे तेवढंच लावतात" या तत्त्वावर काढलेला असेल, तर मला भीती वाटते. तुम्हाला नाही वाटत?

आता जरा आपल्या जमातीकडे वळते. म्हणजे इंजिनियर लोक. कारण बायोवाल्यांना "स्मूथ करून देणारे" आपणच!

आम्ही ई अँड टीसीवाले. डीएसपीच्या पेपरात बटरवर्थ फिल्टर डिझाईन करा, १० मार्क, हे ठरलेलं. त्यामुळे फिल्टर म्हटलं की बोटं आपोआप "बटर..." असं टाईप करायला लागतात. बटरवर्थ चांगलाच आहे, जाऊ देतो त्या फ्रीक्वेन्सींना तो अगदी सपाट वागणूक देतो. पण त्याला पायरी दिली की तो तोल जाऊन वर उसळी मारतो. चार पोलच्या बटरवर्थमधे ही उसळी सुमारे ११ टक्के. दोन पिकोअँपिअरच्या पायरीवर ०.२ पिकोअँपिअरचा नसलेला उंचवटा! दरवाज्याची आणखी एखादी वेगळी पातळी आहे की काय, असा संशय यावा इतका. बेसेल फिल्टर सगळ्या फ्रीक्वेन्सींना जवळपास सारखाच उशीर करतो, म्हणून पायरीचा आकार टिकतो, उसळी एक टक्क्याहूनही कमी. म्हणूनच पॅच क्लॅम्पच्या अ‍ॅम्प्लिफायरमधे बेसेल असतो. आमच्या नोट्समधे बेसेलवर किती होतं माहितीये? दीड ओळ.

दुसरं पाप: पायथॉनमधलं फिल्टफिल्ट. एकदा पुढून फिरवायचं, एकदा मागून, म्हणजे उशीर शून्य. काय सोय! पण मागून फिरवल्यामुळे पायरीचा परिणाम पायरीच्या आधीच दिसायला लागतो. म्हणजे दरवाजा उघडायच्या आधीच करंट वाढायला सुरुवात. कारणाआधी कार्य! शिवाय दोनदा फिरल्यामुळे तुम्ही सांगितलेल्या कट-ऑफला ३ ऐवजी ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे खरा कट-ऑफ तुम्ही लिहिता त्याच्या खालीच असतो. दुकानदाराने दांडी मारावी तसं.

तिसरं: ५० हर्ट्झची गुणगुण आली की लावा नॉच फिल्टर. घरच्या विजेची फ्रीक्वेन्सी तेवढी काढून टाकली, बाकी सगळं शाबूत, असं वाटतं. पण पायरीत सगळ्याच फ्रीक्वेन्सी असतात, ५० हर्ट्झसुद्धा. ती उपटली की प्रत्येक पायरीनंतर आलेख बराच वेळ हिंदकळत राहतो. डास मारायला तोफ.

आणि आता तर नॉईज काढून देणारी न्यूरल नेटवर्क आली आहेत. छानच आहेत. पण फिल्टरने काय खाल्लं ते निदान एका सूत्रात लिहिता येतं. याने काय खाल्लं ते कसं लिहिणार? शिकवताना त्याला ज्या प्रकारच्या चिरा दाखवल्याच नाहीत, त्या तो नॉईज समजून पुसणार नाही कशावरून?

बरं, आता दुसरी बाजू. कारण मला उत्तर ठाऊक आहे: "मग काय फिल्टरच लावायचा नाही?"

लावायचा की! लावावाच लागतो. संगणकात आकडे घेण्याआधी तर सर्किटमधला फिल्टर हवाच, नाहीतर सॅम्पलिंगच्या निम्म्याहून वरचा नॉईज खाली दुमडून सिग्नलमधे मिसळतो, आणि मग तो कुणाच्या बापाला वेगळा काढता येत नाही. आणि फिल्टर फार सैल ठेवला तरी घोळ होतोच. नॉईजच रेघ ओलांडतो आणि नसलेल्या घटना मोजल्या जातात. रेघ नॉईजच्या ३ पट उंचीवर असेल, तर १ किलोहर्ट्झला सेकंदाला दहाएक खोट्या घटना. ५ पट असेल तर चार-पाच मिनिटांतून एखादी. म्हणजे इथे खरोखर तोल सांभाळायचा आहे: एका बाजूला खोट्या घटना, दुसऱ्या बाजूला हुकलेल्या खऱ्या घटना. हा तोल आपला सिग्नल, आपला नॉईज आणि आपला प्रश्न पाहून ठरवायचा असतो. हुकलेल्या घटनांची दुरुस्ती करायचं गणितही आहे, पण त्याला आधी आंधळा वेळ किती हे सांगावं लागतं. म्हणून तर म्हणते, हा निर्णय आहे. आणि निर्णय घेणाऱ्याने कारण सांगायला हवं. "सीनियरने लावून ठेवलंय" हे कारण नव्हे, ही वंशावळ झाली.

हे सगळं मला इतकं का झोंबलं त्याचंही सांगून टाकते. मागे एका प्रोजेक्टवर आमच्याकडे सर्व्हर किती वेगाने उत्तर देतो याचा आलेख भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावलेला होता. फार "काटेरी" दिसतो म्हणून वरून फर्मान आलं, पाच मिनिटांची सरासरी लावा. लावली. आलेख काय देखणा झाला म्हणून सांगू! आणि तिकडे ग्राहक बोंबलत होते की पैसे भरताना पान अडकतं. आम्ही आलेख दाखवायचो: बघा, सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात दर काही मिनिटांनी तीन सेकंद सगळं ठप्प व्हायचं. आता करा हिशोब. एरवी ०.२ सेकंदात उत्तर, आणि पाच मिनिटांतले तीन सेकंद १० सेकंदात. सरासरी? ०.२ ची झाली ०.३. कुणाच्या लक्षात येणार? तीन आठवडे आम्ही ग्राहकांना खोटं ठरवत होतो. सरासरी लावणारी स्क्रिप्ट कुणी लिहिली होती? मीच! तेव्हा मी "का" विचारलं नव्हतं. सगळे तेवढीच लावतात.

म्हणून आज हे सगळं मामेबहिणीला सांगताना आवाज जरा चढला होता, हे कबूल.

तर मग करायचं काय? माझ्या मागण्या फार नाहीत:

एक. कच्चा डेटा जमेल तितक्या मोठ्या बँडविड्थला नोंदवा आणि जपून ठेवा. १०० किलोहर्ट्झने, प्रत्येक आकड्याला दोन बाईट धरले तरी तासाला ७२० एमबी होतात. एका सिनेमाएवढा! १९८० च्या दशकात लोक यासाठी व्हिडिओ टेपरेकॉर्डरमधे फेरफार करून कच्च्या नोंदी टेपवर साठवत होते. आज आपल्याला कसली सबब आहे? सॉफ्टवेअरमधला फिल्टर उद्या बदलता येतो. अ‍ॅम्प्लिफायरवर जे गेलं ते गेलंच.

दोन. फिल्टर कुठला, किती पोलचा, कट-ऑफ किती, एकूण किती फिल्टर, सॅम्पलिंग किती आणि आंधळा वेळ किती, हे लिहा. एका वाक्याचं काम आहे. नुसतं "डेटा फिल्टर केला" हे वाक्य "भाजीत मसाला घातला" इतकंच उपयोगी आहे.

तीन. तेच विश्लेषण दोन वेगळ्या कट-ऑफला करून पाहा. उत्तर बदललं, तर तुम्ही दरवाजा मोजत नाही आहात, फिल्टर मोजताय.

चार. फिगर कुरूप असू द्या. खरखर म्हणजे तुमचा अपमान नव्हे. किती खात्रीने बोलायचं, हे वाचणाऱ्याला तीच सांगते.

आणि पाच, सगळ्यात महत्त्वाचं. नॉईज आला की आधी तो कुठून येतोय ते शोधा. बटणाला हात नंतर.

हे पाचवं मी मामेबहिणीला ठणकावून सांगितलं. ती वैतागली. "ताई, तुला काय जातंय बोलायला! आठ महिन्यांच्या नोंदी आहेत माझ्या." चूक नव्हतं तिचं. जे २ किलोहर्ट्झला अडवलं गेलं ते कुठल्याच स्क्रिप्टने परत येणार नव्हतं, आणि हे तिला फोनवर सांगताना मलाच वाईट वाटत होतं. फोन ठेवताना दोघी गप्पच होतो.

मग बुधवारी रात्री तिचा फोन. सोमवारपासून तिने प्रयोगाच्या टेबलाजवळची एकेक वस्तू बंद करून नॉईज पाहायला सुरुवात केली होती. दिवा, पंप, मॉनिटर, सगळं. शेवटी सापडलं काय? जाळीच्या पिंजऱ्याला टेकून असलेल्या एक्स्टेंशन बोर्डात कायम खोचलेला मोबाईलचा चार्जर, आणि मायक्रोस्कोपची निसटलेली अर्थिंगची वायर. चार्जर काढला, वायर जोडली, खरखर अर्ध्याहून खाली. आता ती ५ किलोहर्ट्झला नोंदवतेय आणि पायऱ्या स्वच्छ दिसताहेत. आणि हो, पूर्वी जिथे एक लांब उघडणी दिसायची, तिथे आता चिरा दिसताहेत.

आठ महिन्यांपैकी बरंचसं काम परत करावं लागणार. सरांना सांगायचंय अजून. "ओरडतील," म्हणाली. ओरडू देत. जुन्या नोंदी ती टाकून देणार नाहीये. खरा कट-ऑफ ०.९ आणि आंधळा वेळ २०० मायक्रोसेकंद असं लिहून, जेवढं त्यातून म्हणता येतं तेवढंच म्हणणार आहे. तिला म्हटलं, ओरडून झालं की सरांना दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून दाखव. एक इस्त्रीचा, एक बिनइस्त्रीचा. आणि विचार, यातला खरा कुठला?

असो. पोहे तर त्या दिवशी गारच झाले होते.